स्पर्शभिंगांचे घटक पदार्थ

दृष्टिदोष दूर करण्यासाठी, डोळ्याच्या पृष्ठभागाचे रक्षण करण्यासाठी अथवा औषधोपचाराचा भाग म्हणून डोळ्याच्या दर्शनी पृष्ठावर, अश्रूंच्या पातळ थरावर राहील असे बसविण्यात येणारे लहान व पातळ भिंग म्हणजे स्पर्शभिंग होय. व्यवहारात त्याला ‘कॉन्टॅक्ट लेन्स’ हेच नाव रूढ आहे. चष्म्याचे भिंग डोळ्यापासून सु. १२ मिमी. अंतरावर असते. त्यामुळे त्याचा पदार्थ निवडताना पारदर्शकता, प्रणमनांक (प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना किती वळतो हे दर्शविणारा अंक), वजन व ओरखड्यांना होणारा विरोध एवढ्याच गोष्टी पाहाव्या लागतात. स्पर्शभिंग मात्र दिवसाचे कित्येक तास जिवंत ऊतकावर (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहावर) बसून राहते. म्हणून त्याच्या पदार्थाने प्रकाशाबरोबरच हवेतील ऑक्सिजनही डोळ्यापर्यंत जाऊ द्यावा लागतो, अश्रूंनी सहज भिजावे लागते आणि जंतूंना आसरा मिळणार नाही असे स्वच्छ राहावे लागते. या सर्व अटी एकाच वेळी पुऱ्या करणारा पदार्थ निसर्गात नाही. काच, पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट, जलजेले, वायुपार्य कठीण बहुवारिके व सिलिकोन जलजेले असे एकामागून एक पदार्थ वापरात आले. त्यांपैकी प्रत्येकाने आधीच्या पदार्थाची एक उणीव भरून काढली व बहुधा एक नवी अडचण निर्माण केली.

स्वच्छमंडलाची गरज : डोळ्याच्या बाहुलीसमोरील पारदर्शक, घुमटासारख्या भागाला स्वच्छमंडल म्हणतात. त्याची मध्यभागातील जाडी सु. अर्धा मिमी. असते. शरीरातील बहुतेक ऊतकांना रक्तातून ऑक्सिजन मिळतो. परंतु स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसतात. त्या असत्या, तर ते पारदर्शक राहिले नसते. त्यामुळे स्वच्छमंडलाचा बाहेरचा थर आपला ऑक्सिजन अश्रूंत विरघळलेल्या हवेतून घेतो. डोळे उघडे असताना समुद्रसपाटीवर या ऑक्सिजनाचा आंशिक दाब सु. १५५ मिमी. (पारा) असतो. डोळे मिटल्यावर पापणीच्या आतील बाजूच्या रक्तवाहिन्यांतून तो पुरविला जातो व दाब सु. ५५ ते ६० मिमी.वर येतो. म्हणूनच निरोगी डोळ्याचे स्वच्छमंडलही रात्रभराच्या झोपेनंतर तीन ते चार टक्क्यांनी फुगलेले असते आणि जागे झाल्यावर थोड्याच वेळात पूर्ववत होते.

ऑक्सिजनाचा पुरवठा कमी पडला की पेशींत लॅक्टिक अम्ल साठते, त्याच्याबरोबर पाणी आत ओढले जाते आणि स्वच्छमंडल सुजून धूसर होते. ही स्थिती दीर्घकाळ टिकल्यास कडेच्या भागातून नव्या रक्तवाहिन्या स्वच्छमंडलात शिरू लागतात, पृष्ठावरील पेशी दुबळ्या होतात व जंतूंना आत शिरणे सोपे जाते. या कारणामुळे स्पर्शभिंगाच्या पदार्थाच्या कथेत ऑक्सिजनाचा प्रश्न केंद्रस्थानी आहे.

पदार्थाची ऑक्सिजन-पार्यता (ऑक्सिजन आरपार जाऊ देण्याची क्षमता) बॅरर या एककात मोजतात. तिला भिंगाच्या जाडीने भागले असता त्या विशिष्ट भिंगातून प्रत्यक्षात किती ऑक्सिजन जाईल हे दर्शविणारा अंक मिळतो. ब्रायन होल्डन व जॉर्ज मर्ट्‌झ यांनी १९८४ मध्ये प्रयोगांवरून असे दाखविले की, केवळ जागेपणी वापरावयाच्या भिंगासाठी हा अंक रूढ एककांत किमान २४ व झोपेतही ठेवावयाच्या भिंगासाठी किमान ८७ असावा. पुढील संशोधनात १९९९ मध्ये दुसरी मर्यादा १२५ इतकी वर नेण्यात आली. भिंगाची जाडी ०.१ मिमी. धरल्यास हा अंक व पदार्थाची बॅररमधील पार्यता संख्येने समान येतात. पुढील विवेचनात निरनिराळ्या पदार्थांची तुलना करताना ही सोय उपयोगी पडते.

काच : डोळ्यावर थेट बसविलेल्या प्रकाशीय साधनाची कल्पना लिओनार्दो दा व्हींची (१५०८), रने देकार्त (१६३७) व टॉमस यंग (१८०१) यांच्या लेखनांत व प्रयोगांत आढळते. मात्र प्रत्यक्ष वापरता येईल असे भिंग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाले. कृत्रिम डोळे बनविणाऱ्या व्हीसबाडेन येथील एफ्. ए. म्यूलर या कारागिरांनी १८८७ मध्ये पापणी नष्ट झालेल्या एका रुग्णाच्या डोळ्याच्या रक्षणासाठी काचेचे पातळ कवच फुंकून तयार केले. झुरिक येथील आडोल्फ ऑयगेन फिक व पॅरिस येथील अझेन काल्ट यांनी १८८८ मध्ये दृष्टी सुधारण्यासाठी काचेची भिंगे वापरून पाहिली. फिक यांनी आधी सशांच्या डोळ्यांवर प्रयोग केले होते व भिंग आणि डोळा यांच्यामधील जागेत ग्लुकोजाचा विद्राव भरला होता. कील येथील आउगुस्ट म्यूलर यांनी १८८९ मध्ये स्वतःच्या तीव्र ऱ्हस्वदृष्टीसाठी असे भिंग तयार केले.

ही भिंगे केवळ स्वच्छमंडल नव्हे, तर त्याभोवतीचे श्वेतमंडल (डोळ्याचा पांढरा भाग) झाकणारी, सु. २ सेंमी. व्यासाची होती. काच पारदर्शक असते, अश्रूंनी चांगली भिजते व स्वच्छ करणे सोपे असते. परंतु ती जड व ठिसूळ असून ऑक्सिजनाला पूर्णपणे अपार्य असते. त्यातच एवढ्या मोठ्या कवचाखाली अश्रू साचून राहत. त्यामुळे काही तासांतच दृष्टी धूसर होई व भिंग काढावे लागे. त्या काळी याचे कारण नीट उमगले नव्हते आणि दोष बसविण्याच्या पद्धतीत शोधला जात होता.

पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट : १९३० नंतरच्या दशकात इंग्लंड व जर्मनी येथे हे पारदर्शक बहुवारिक (अनेक लहान रेणूंच्या जोडणीने बनलेला प्रचंड रेणू असलेले संयुग) व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले. ‘पर्स्पेक्स’ व ‘प्लेक्सिग्लास’ ही त्याची व्यापारी नावे होत. त्याचा प्रणमनांक सु. १.४९ असून ते दृश्य प्रकाशाचा सु. ९२ टक्के भाग आरपार जाऊ देते. त्याचे विशिष्ट गुरुत्व सु. १.१९ म्हणजे काचेच्या निम्म्याहून कमी आहे. ते कातता व चकाकविता येते आणि ऊतकाला अपाय करीत नाही. न्यूयॉर्कमधील विल्यम फाइनब्लूम यांनी १९३६ मध्ये मधला भाग काचेचा व कडेचा भाग प्लॅस्टिकचा असे भिंग केले. दोनतीन वर्षांतच संपूर्ण पॉलिमिथिल मेथॅक्रिलेटाची भिंगे आली. कॅलिफोर्नियातील केव्हिन टूही यांनी १९४८ मध्ये केवळ स्वच्छमंडलापुरते लहान भिंग तयार केले. या लहान भिंगामुळे स्पर्शभिंगांचा प्रसार खऱ्या अर्थाने सुरू झाला.

या पदार्थाचे ऊतकाशी जुळते हे दुसऱ्या महायुद्धात अनपेक्षितपणे सिद्ध झाले. विमानांच्या फुटलेल्या छतांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही तेथे दाह निर्माण करीत नाहीत, असे हॅरल्ड रिडली या ब्रिटिश शल्यविशारदांच्या ध्यानात आले. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये लंडन येथे मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात याच पदार्थाचे कृत्रिम भिंग प्रथम बसविले.

असे असले, तरी पॉलिमिथिल मेथॅक्रिलेटाची ऑक्सिजन-पार्यता जवळजवळ शून्य आहे. लहान भिंग पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर किंचित हलते व त्याखालील अश्रूंचा सु. १० ते २० टक्के भाग बदलला जातो. डोळ्याला जो काही ऑक्सिजन मिळतो, तो या पंपासारख्या क्रियेतूनच. त्यामुळे पुष्कळ वर्षे ही भिंगे वापरणाऱ्यांना भिंग काढून चष्मा लावल्यावर काही वेळ अंधुक दिसणे, स्वच्छमंडलाचा आकार बदलणे इ. त्रास होत. शिवाय कठीण भिंगाची कड पापणीला जाणवत असल्याने सवय होण्यास काही आठवडे लागत.

जलजेले : मऊ भिंगांचा पाया प्राग येथील ओटो व्हिख्‌तेर्ले व द्राहोस्लाव्ह लीम या रसायनशास्त्रज्ञांनी घातला. शरीरात वापरण्याजोगे प्लॅस्टिक शोधत असताना त्यांनी १९५० नंतरच्या दशकात हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेटापासून एक नवे बहुवारिक बनविले आणि त्याविषयीचा निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध केला. पॉलिमिथिल मेथॅक्रिलेटाच्या रेणूला पाण्याशी बंध जोडणारा हायड्रॉक्सिल गट जोडला म्हणजे मूलतः हा पदार्थ मिळतो. कोरडा असताना तो काचेसारखा कठीण असतो. पाण्यात ठेवल्यावर मात्र पाणी शोषून फुगतो व मऊ, लवचिक होतो. एथिलीन ग्लायकॉल डायमेथॅक्रिलेट या संयुगाच्या अल्प प्रमाणामुळे त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी बांधल्या जातात. म्हणून तो पाण्यात फुगतो, पण विरघळत नाही. अशा पाणी धरून ठेवणाऱ्या जाळीदार पदार्थाला जलजेल म्हणतात. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कोरडवाहू शेतीसाठी विकसित झालेला ‘जलशक्ती’ हा पाणी शोषून धरणारा पदार्थही तत्त्वतः याच वर्गातील होय.

साच्यात ओतून केलेल्या पहिल्या जलजेल भिंगांच्या कडा फाटत. व्हिख्‌तेर्ले यांनी १९६१ च्या नाताळात स्वतःच्या घरी, मुलांच्या जोडणीच्या खेळण्यांचे भाग व सायकलीचा डायनामो वापरून एक यंत्र तयार केले. त्यात फिरत्या साच्यात द्रव ओतला असता केंद्रोत्सारी प्रेरणेने त्याचा पृष्ठभाग आपोआप भिंगाचा आकार घेई व त्याच स्थितीत त्याचे बहुवारिकीकरण होई. पुढे या पद्धतीचे अधिकार अमेरिकेत विकले गेले आणि १९७१ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने पहिल्या मऊ भिंगाला मान्यता दिली.

मूळ जलजेलात सु. ३८ टक्के पाणी असते. त्यात ऑक्सिजन बहुवारिकातून नव्हे, तर त्यातील पाण्यातून वाहून नेला जातो. म्हणून त्याची पार्यता सु. ८ ते ९ बॅरर एवढीच आहे. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे ०.१ मिमी. जाडीचे असे भिंग दिवसाच्या वापरासाठी लागणाऱ्या २४ या मर्यादेच्या एकतृतीयांशापर्यंतच पोहोचते. ती मर्यादा गाठावयाची, तर भिंग सु. ०.०३५ मिमी. इतके पातळ करावे लागते. व्हिनिल पायरोलिडोन, मेथॅक्रिलिक अम्ल इ. घटक मिसळून पाण्याचे प्रमाण ५५ ते ७५ टक्क्यांपर्यंत वाढविलेली जलजेलेही तयार झाली. पण पाणी वाढले की पदार्थ नाजूक होतो व भिंग जाड करावे लागते. त्यामुळे पार्यतेत मिळविलेले बरेचसे जाडीत गमवावे लागते. याहून मूलभूत मर्यादा अशी की, शुद्ध पाण्याची पार्यताच सु. ८० बॅरर आहे. म्हणजे ०.१ मिमी. जाडीचे निव्वळ पाण्याचे भिंग करता आले असते, तरी तेही झोपेतील वापराची ८७ ही मर्यादा गाठू शकले नसते. जलजेलांच्या वाटेने हा प्रश्न सुटणार नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

वायुपार्य कठीण बहुवारिके : सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणू आलटूनपालटून असलेल्या सिलोक्झेन साखळ्या अतिशय लवचिक असतात व त्यांच्यामधील मोकळ्या जागेतून ऑक्सिजनाचे रेणू सहज सरकतात. शुद्ध सिलिकोन रबराची पार्यता ३०० बॅररपेक्षाही जास्त आहे. तथापि हा पदार्थ पाण्याने भिजत नाही, मेदद्रव्ये ओढून घेतो व डोळ्याला चिकटून बसतो. त्यामुळे त्याची भिंगे, जन्मजात मोतीबिंदू काढलेल्या अर्भकांसारखे अपवाद सोडल्यास, फारशी वापरात आली नाहीत.

नॉर्मन गेलर्ड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात सिलोक्झेन गट असलेले मेथॅक्रिलेट व मिथिल मेथॅक्रिलेट यांचे सहबहुवारिक तयार करून मध्यम मार्ग काढला. पहिल्या घटकाने ऑक्सिजनाला वाट दिली, तर दुसऱ्याने कठीणपणा व कातण्याजोगेपणा राखला. पुढे फ्ल्युओरीनयुक्त घटकांची भर पडल्याने पार्यता १०० बॅररच्या पुढे गेली व पृष्ठावर मेद साचणेही कमी झाले. या पदार्थांमुळे शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या श्वेतमंडलीय भिंगांचे पुनरुज्जीवन झाले आहे. भिंग व स्वच्छमंडल यांच्यामध्ये क्षारयुक्त पाण्याचा थर राखणारी अशी भिंगे तीव्र शुष्कता व विद्रूप झालेले स्वच्छमंडल यांवर उपयोगी पडतात.

शंकुरूप स्वच्छमंडल या विकारात स्वच्छमंडल पातळ होऊन पुढे टोकदार बनते आणि चष्म्याने दृष्टी पुरेशी सुधारत नाही. मऊ भिंग त्या वेड्यावाकड्या पृष्ठाचाच आकार घेते. कठीण भिंग मात्र स्वतःचा गोलाकार राखते व मधली पोकळी अश्रूंनी भरून निघते. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात ३० वर्षांवरील लोकांची जी नेत्रपाहणी झाली, तिचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या संदर्भात लक्षणीय आहेत. स्वच्छमंडलाची प्रणमनशक्ती ४८ डायॉप्टर वा अधिक असणे ही कसोटी लावली असता सु. २.३ टक्के लोकांत हा विकार आढळला. महाराष्ट्रात कठीण भिंगांची गरज केवळ शहरी हौसेपुरती नाही, हे यावरून दिसून येते.

सिलिकोन जलजेले : सिलिकोनाची पार्यता व जलजेलाचा मऊपणा एकत्र आणणे हे दीर्घकाळ कठीण ठरले होते, कारण एक घटक जलद्वेषी व दुसरा जलस्नेही असल्याने तेल-पाण्याप्रमाणे ते वेगळे होतात व मिश्रण दुधाळ बनते. दोन्ही घटकांचे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळच लहान, परंतु सलग असे परस्परांत गुंतलेले मार्ग तयार करण्यात १९९० नंतरच्या दशकात यश आले व १९९८-९९ च्या सुमारास अशी पहिली भिंगे बाजारात आली. त्यांतील एका प्रकारात पाणी केवळ २४ टक्के असूनही पार्यता १४० बॅरर होती. ०.०८ मिमी. जाडीला तिचा अंक १७५ येतो. जलजेलांत पाणी वाढले की पार्यता वाढते. येथे ऑक्सिजन सिलिकोनातून व क्षार पाण्यातून जात असल्याने हा संबंध उलटा होतो.

पृष्ठभाग भिजविण्यासाठी सुरुवातीस भिंगावर आयनद्रायूच्या (प्लाझ्माच्या) साहाय्याने अत्यंत पातळ जलस्नेही थर चढविण्यात येई. नंतर पॉलिव्हिनिल पायरोलिडोनासारखे ओलावा धरणारे बहुवारिक पदार्थातच मिसळण्याची पद्धत आली. गाभ्यात सु. ३३ टक्के व पृष्ठाशी ८० टक्क्यांहून अधिक पाणी अशी चढती मांडणी असलेली भिंगेही २०१० नंतरच्या दशकात आली. आज मऊ भिंगांत सिलिकोन जलजेलांचा वापर सर्वाधिक होतो.

कच्ची रसायने व निर्मिती : वरील सर्व मेथॅक्रिलेटांचे मूळ खनिज तेलात आहे. नाफ्त्याच्या भंजनातून एथिलीन व प्रोपिलीन मिळतात. प्रोपिलिनापासून ॲसिटोन तयार होते, त्याची हायड्रोजन सायनाइडाशी व पुढे सल्फ्यूरिक अम्ल आणि मिथेनॉल यांच्याशी विक्रिया करून मिथिल मेथॅक्रिलेट मिळविता येते. एथिलिनापासून एथिलीन ऑक्साइड व त्याच्या मेथॅक्रिलिक अम्लाशी होणाऱ्या विक्रियेतून हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेट मिळते. भारतात या रसायनसाखळीचा प्रारंभ मुंबई परिसरात झाला. तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९६६ मध्ये व ठाणे-बेलापूर पट्ट्यात ‘नोसिल’ या कंपनीने १९६८ मध्ये नाफ्ता-भंजनाचे कारखाने सुरू केले. हे दोन्ही कारखाने पुढे बंद पडले. त्यांचा माल मुख्यतः प्लॅस्टिके, तंतू, रंग व विद्रावक यांसाठी होता. भिंगांसाठी हीच रसायने लागतात. पण ती कमालीची शुद्ध असावी लागतात. बहुवारिकात शिल्लक राहिलेला एकवारिकाचा अल्पांशही डोळ्याला झोंबतो. म्हणून तयार मऊ भिंगे पाण्यात वा विद्रावकात धुऊन तो काढून टाकतात.

भिंगे घडविण्याच्या तीन पद्धती आहेत. कठीण पदार्थाच्या चकत्या संगणकनियंत्रित कातयंत्रावर कातून प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र भिंग तयार करता येते. फिरत्या साच्याची पद्धत वर आलीच आहे. तिसऱ्या पद्धतीत दोन प्लॅस्टिक साच्यांच्या मधल्या जागेत द्रव एकवारिक भरून जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशाने वा उष्णतेने त्याचे बहुवारिकीकरण करतात. या पद्धतीने भिंगाचा खर्च इतका कमी झाला की, १९८० नंतरच्या दशकात ठराविक मुदतीनंतर टाकून द्यावयाची व १९९० नंतरच्या दशकात रोज नवीन घालावयाची भिंगे शक्य झाली.

निक्षेप, निगा व जंतुसंसर्ग : डोळ्यावर बसताच भिंगावर अश्रूंतील प्रथिने व मेद साचू लागतात. मेथॅक्रिलिक अम्लयुक्त, म्हणजे ऋण विद्युत्‌ भार असलेली जलजेले लायसोझाइम हे धन भारित प्रथिन मोठ्या प्रमाणात ओढून घेतात. सिलिकोनयुक्त पदार्थांवर मेद अधिक साचतो. या निक्षेपांवर जंतू सहज चिकटतात. म्हणून पदार्थाबरोबर त्याचा निर्जंतुक विद्रावही निवडावा लागतो. पूर्वी मऊ भिंगे उष्णतेने निर्जंतुक करीत. त्यामुळे साचलेली प्रथिने मात्र शिजून घट्ट बसत. नंतर रासायनिक विद्राव व ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरात आले. सर्वच पदार्थ सर्वच विद्रावांशी जुळत नाहीत. २००५-०६ मध्ये अमेरिका, सिंगापूर व हाँगकाँग येथे फ्युझेरियम या कवकामुळे स्वच्छमंडलाच्या विकाराची जी साथ उद्भवली, तिचा संबंध एका विशिष्ट विद्रावाशी असल्याचे आढळले व तो बाजारातून काढून घेण्यात आला.

पदार्थ सुधारल्याने जंतुसंसर्ग कमी होईल, ही अपेक्षा मात्र पुरी झालेली नाही. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत स्वच्छमंडलाच्या जंतुजन्य शोथाचे (दाहयुक्त सुजेचे) प्रमाण, मऊ भिंग फक्त दिवसा वापरणाऱ्या दर १०,००० व्यक्तींमागे वर्षाला सु. ४ व भिंग घालून झोपणाऱ्यांत सु. २१ होते. ऑस्ट्रेलियातील २००८ च्या पाहणीत झोपेत वापरलेल्या जुन्या जलजेलांसाठी ते सु. २० व सिलिकोन जलजेलांसाठी सु. २५ आढळले. ऑक्सिजनाच्या कमतरतेमुळे होणारी सूज व रक्तवाहिन्यांची वाढ नव्या पदार्थांनी जवळजवळ नाहीशी केली. परंतु मिटलेल्या पापणीखाली अश्रूंची हालचाल थांबते, भिंगाच्या मागे जंतू अडकून राहतात आणि यावर पदार्थाचा इलाज चालत नाही. रात्री भिंग काढून ठेवणे हाच त्यावरील मुख्य उपाय आहे.

पाणी हा धोक्याचा दुसरा स्रोत आहे. नळाचे, विहिरीचे, तलावाचे वा खाडीचे पाणी निर्जंतुक नसते. त्यात आढळणारा ॲकँथअमीबा हा एकपेशीय जीव भिंगाला चिकटून डोळ्यात गेल्यास अत्यंत वेदनादायक व दीर्घकाळ चालणारा विकार होतो व दृष्टी जाऊ शकते. भारतात या विकाराचे बहुसंख्य रुग्ण स्पर्शभिंग न वापरणारे असतात. दूषित पाणी व डोळ्याला झालेली इजा ही तेथील कारणे होत. याचा अर्थ असा की, येथील पाण्यात या जीवाचा वावर असून भिंग वापरणाऱ्याने अधिकच सावध राहावयास हवे. भिंग किंवा त्याची डबी नळाच्या पाण्याने धुऊ नये, आंघोळ व पोहणे भिंग काढून करावे आणि मासेमारी, भातलावणी यांसारख्या पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या कामांत चष्माच वापरावा, हे त्यामुळे हितावह ठरते. डोळा लाल होणे, दुखणे अथवा प्रकाश सहन न होणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच भिंग काढून नेत्रवैद्याकडे जावे.

केवळ डोळ्याचा रंग बदलण्यासाठी वापरावयाची रंगीत भिंगेही याच पदार्थांची असतात व त्यांचे धोकेही तेच असतात. डोळ्याचे माप न घेता ती विकत घेणे किंवा एकमेकांची भिंगे वापरणे अपायकारक आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली असून स्पर्शभिंगे त्यांत मोडतात.

टाकाऊ भिंगे : भिंगांचे आयुष्य वर्षांवरून एका दिवसावर आल्याने जंतुसंसर्गाची काही कारणे दूर झाली, पण कचऱ्याचा नवा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार तेथील १५ ते २० टक्के वापरकर्ते जुनी भिंगे बेसिनात वा शौचकूपात टाकतात. सांडपाणी शुद्धीकरणातील सूक्ष्मजंतू या बहुवारिकांचे विघटन पूर्णपणे करू शकत नाहीत. भिंगांचे तुकडे होऊन ते गाळात व पाण्यात राहतात. पाण्यापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसतात व तळाच्या जीवांच्या पोटात जाऊ शकतात.

ज्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात या रसायनसाखळीचे कारखाने उभे राहिले, त्याच्या दक्षिण टोकाशी बेलापूरला लागून दिवाळे हे खाडीकाठचे कोळी गाव आहे. नवी मुंबई हे शहर अशा जुन्या गावांभोवती वाढले. कोळ्यांच्या जाळ्यांतही गेल्या शतकात सूत व तागाची जागा नायलॉन व पॉलिएथिलीन यांनी घेतली. न कुजणे हा जाळ्याचा गुण खाडीच्या पाण्यात हरवलेल्या जाळ्याचा दोष ठरतो. स्पर्शभिंगाचेही तसेच आहे. अश्रूंत, उष्णतेत व निर्जंतुक विद्रावात न बिघडणारा पदार्थ मुद्दाम निवडलेला असतो आणि म्हणूनच तो टाकल्यावर नाहीसा होत नाही. ठाणे खाडीतील रोहितपक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. अशा खाडीकाठच्या शहरात वापरलेले भिंग पाण्यात न सोडता सुक्या कचऱ्यात टाकणे ही साधी गोष्ट महत्त्वाची ठरते. भिंगाचे वजन नगण्य असते. त्याचे प्लॅस्टिक वेष्टन मात्र त्याच्या कित्येक पट असते व ते वेगळे काढून पुनर्वापरासाठी देता येते.

नवीन संशोधन : भिंगाच्या पदार्थात औषध साठवून ते डोळ्यात हळूहळू सोडण्याच्या कल्पनेवर व्हिख्‌तेर्ले यांच्या काळापासून प्रयोग चालू आहेत. अधिहर्षतेवरील (ॲलर्जीवरील) कीटोटिफेन हे औषध असलेल्या दैनिक भिंगाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. काचबिंदूवरील औषधे याच मार्गाने देणे, पृष्ठावर जंतूंना चिकटू न देणारे थर चढविणे व वापरानंतर सहज विघटन होईल असे बहुवारिक शोधणे या दिशांनी प्रयत्न होत आहेत. यांतील शेवटचे उद्दिष्ट सर्वांत अवघड आहे. कारण डोळ्यावर असताना स्थिर राहणारा व डोळ्यावरून काढल्यावर नष्ट होणारा असा, परस्परविरोधी गुणांचा पदार्थ त्यासाठी हवा आहे.